शेऱ्याचा रकाना

रेघा मीच मारल्या होत्या. दोनशेपानी वही, लाकडी पट्टी, लाल पेन. अनुक्रमांक, नाव, वय, स्त्री/पुरुष, मूळ गाव-जिल्हा-राज्य, मोबाइल, कुठून निघाले, ताप, खोकला, आणि उरलेल्या दीड इंचात शेरा. तहसीलमधून व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या नमुन्यात एवढेच रकाने होते, आणि मला त्यात काही कमी आहे असं वाटलं नाही. जन्मभर शाळेची रजिस्टरं भरलेल्या बाईला रकाना दिला की ती तो भरते. नसलेल्या रकान्याबद्दल तिला प्रश्न पडत नाही.

ही एप्रिल २०२० ची गोष्ट. २९ मार्चला केंद्राचा आदेश निघाला होता, की चालत निघालेल्या मजुरांना आहेत तिथे थांबवा, निवारा द्या, चौदा दिवस वेगळं ठेवा. आमची जिल्हा परिषदेची शाळा मुंबई-आग्रा हायवेपासून हाकेच्या अंतरावर, चांदवडच्या अलीकडे. नळ आहे, चार संडास आहेत, पटांगणाला भिंत आहे. झालं निवारा केंद्र. माझ्या नावाच्या आदेशावर दोन कायदे छापलेले होते, साथरोग प्रतिबंधक कायदा १८९७ आणि आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५. पहिला इंग्रजांनी प्लेगच्या वेळी केलेला. तेव्हाही गिरण्यांमधली माणसं मुंबई सोडून कोकणात, घाटावर आपापल्या गावी पळाली होती. कायदा तोच, पळापळ तीच. हजेरी घ्यायला या खेपेला मी होते.

दुसरीच्या आणि चौथीच्या वर्गात मिळून ३८ माणसं. बहुतेक मध्य प्रदेशातली, पन्ना-सतना-छतरपूरकडची. नाशिकच्या बांधकामांवर सेंट्रिंग, प्लास्टर, माल चढवण्याची कामं करणारी. साइट बंद झाली, ठेकेदाराचा फोन लागेना, पत्र्याच्या खोल्यांमध्ये पाणी यायचं थांबलं, तेव्हा निघाली. बायका सात. त्यातली एक अनुक्रमांक १७. तिचं नाव मी इथे लिहीत नाही, माझ्या मनातही ती सतरा नंबरच राहिली आहे. वय २२. ताप नाही, खोकला नाही. शेऱ्यात मी आडवी रेघ मारून पुढे गेले.

दोन दिवस मला कळलंच नाही. एप्रिलच्या उन्हात पत्र्याखालच्या वर्गात ती शाल पांघरून बसायची. मला वाटलं, परकी माणसं, लाज. तिसऱ्या दिवशी आमची आशाताई ताप मोजायची बंदूक घेऊन आली. रांगेत उभ्या असलेल्या त्या मुलीकडे तिनं कपाळावर बंदूक धरण्याआधीच पाहिलं, तिच्या पायांकडे पाहिलं, आणि मला म्हणाली, “बाई, ही आठवा महिना आहे, तुम्ही लिहिलं का नाही?”

मी म्हटलं, रकाना नाही.

“मग शेऱ्यात लिहा की.”

ते वाक्य मला अजून टोचतं, कारण त्यात टोमणा नव्हता. तिला खरंच वाटलं असावं, की मला सुचलं नसेल.

ती लपवत का होती, हे नंतर कळलं. साइटवर कुणीतरी सांगितलं होतं, की पोटुशी बाई दिसली की पोलीस तिला वेगळं काढतात, दवाखान्यात टाकतात, नवऱ्याला पुढे पाठवतात. त्यात काही तथ्य नव्हतं. पण आठ दिवसांत ज्यांचं काम, खोली आणि शिधा तिन्ही गेलं होतं, त्यांनी कुठल्या अफवेवर विश्वास ठेवू नये, हे मी कुठल्या तोंडानं सांगणार?

आशाताई खाली बसली आणि हिशेब सुरू झाला. शेवटची पाळी कधी आली, तारीख सांगता येईना. “दिवाळी के पहले?” हो. “गणपती?” त्यांच्याकडे गणपतीची खूण नाही. “राखी?” हां, राखीला भाऊ आला होता, त्याच्या चार दिवसांनी. २०१९ ची राखी स्वातंत्र्यदिनाच्याच दिवशी आली होती, झेंडावंदनाला अर्ध्या पोरांच्या हातात राख्या होत्या, त्यामुळे मला पक्कं आठवत होतं. १५ ऑगस्ट अधिक चार, १९ ऑगस्ट. आशाताईनं बोटांच्या पेरांवर नऊ महिने आणि वर सात दिवस मोजले. “२६ मे,” ती म्हणाली. मी माझ्या लाल पेनानं सतराव्या ओळीच्या शेवटी लिहिलं: गरोदर, ८ वा, अं. तारीख २६/५. दीड इंचात मावत नव्हतं, म्हणून अक्षर बारीक काढलं.

मग सगळ्यांना नव्यानं विचारलं. आणखी एक निघाली, चौथ्या महिन्याची. आणि एक अशी, जिचं मूल वीस दिवसांचं होतं. ते मूल मी आधीच “वय: ०, स्त्री” असं नोंदवलं होतं. त्याच्या आईला अजून अंगावर जात होतं, हे नोंदवायला माझ्याकडे काही नव्हतं.

आता थोडं मागे जाते, कारण हे सगळं कोरोनानं आणलं असं माझ्याच्यानं म्हणवत नाही.

माझी पहिली नेमणूक बीड जिल्ह्यात होती. दसरा झाला की ट्रॅक्टर-ट्रॉल्या लागायच्या, मुकादमाकडून उचल घेतलेल्या जोड्या ऊस तोडायला साखर कारखान्यांकडे निघायच्या. नवरा-बायको मिळून एक कोयता. गाव एप्रिलपर्यंत म्हाताऱ्यांचं. पहिलीत नाव घालताना शाळेच्या जनरल रजिस्टरात जन्मठिकाण विचारतात. वर्गातल्या निम्म्या पोरांचं जन्मठिकाण विचारलं की आया कारखान्याचं नाव सांगायच्या. गाव? ते माहीत नाही. तालुका? “नदीच्या पल्याड होतो आम्ही.” एकीनं सांगितलं, वाढं, म्हणजे उसाचे शेंडे, बांधायला वाकले आणि कळ आली, राहत्या कोपीपर्यंत पोचले नाही. मी तिच्या मुलाचं जन्मठिकाण म्हणून आमच्याच गावाचं नाव लिहून टाकलं, आणि तिलाही ते बरं वाटलं. त्या वेळी मी स्वतःला मोठी समजूतदार समजत होते. आज वाटतं, एक बाळंतपण जिथे झालं तिथून मी ते पुसलं.

त्याच जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या काढल्या जातात म्हणून २०१९ मध्ये गवगवा झाला, विधान परिषदेच्या तेव्हाच्या उपसभापती नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली. पाळीचा खाडा परवडत नाही, म्हणून पिशवीच नको. ज्या कामात पाळीला जागा नाही, तिथे बाळंतपणाला कुठून असणार? २०२० च्या टाळेबंदीत हेच तोडकरी लाखाच्या वर संख्येनं कारखान्यांवर अडकले. १७ एप्रिलला सरकारनं तपासणी करून त्यांना घरी सोडायची परवानगी दिली. त्या ट्रॉल्यांमध्ये किती जणी दिवस भरलेल्या होत्या, ते त्यांच्यासोबतच्या बायकांना माहीत.

कागदावर पाहिलं तर आपल्याकडे बाळंतपणाची व्यवस्था बरीच आहे. जननी सुरक्षा योजना २००५ पासून. २०११ पासून जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रम: सरकारी दवाखान्यात बाळंतपण फुकट, सिझेरियन फुकट, औषधं, रक्त, साध्या बाळंतपणाला तीन दिवस आणि सिझेरियनला सात दिवस जेवण, घरून आणायची आणि घरी सोडायची गाडीसुद्धा. दर महिन्याच्या ९ तारखेला गरोदर बायकांची खास तपासणी. पहिलटकरणीला मातृवंदनेचे पाच हजार. यातलं काहीही “परप्रांतीयांना नाही” असं कुठेही लिहिलेलं नाही, उलट दवाखान्याच्या दारात आलेल्या कुठल्याही बाईला ते मिळायला हवं. अडतं ते दाराच्या अलीकडे. कारण बाईला दारापर्यंत आणणारी माणूस म्हणजे आशा, आणि साधारण हजार लोकवस्तीला एक आशा असते. बांधकामाची साइट कुणाच्याच हजारात बसत नाही. वीटभट्टी बसत नाही, उसाचा फड बसत नाही. आशाच्या वहीत घर क्रमांक असतो, कुटुंबप्रमुखाचं नाव असतं. ठेकेदाराच्या पत्र्याच्या खोलीला घर क्रमांक नसतो.

सतरा नंबरनं आपल्या गावी, दिवाळीत, अंगणवाडीत नाव घातलं होतं. तिला “कारड” मिळालं होतं. ते गावच्या घरी पेटीत. दिवाळीनंतर ती नाशिकला आली आणि पाच महिने तिच्या पोटाला कुणी हात लावला नाही. दवाखान्यात जायचं म्हणजे दोघांच्या हजेऱ्या बुडणार, कारण वाट दाखवायला नवरा लागणार. तिनं हे तक्रारीच्या सुरात सांगितलं नाही. “छुट्टी नहीं थी,” एवढंच.

उपकेंद्राची सिस्टर दुसऱ्या दिवशी आली. तिच्याकडे चार गावं, त्यात कोरोनाचा सर्व्हे, त्यात मालेगाव जवळ. मालेगावात रुग्ण झपाट्यानं वाढत होते आणि तिकडून येणारा वारासुद्धा लोकांना नको होता. सिस्टरनं मुख्याध्यापकांच्या खोलीतलं टेबल रिकामं केलं, वर माझी ओढणी अंथरली आणि तिला झोपवलं. तोंडाला मास्क, वरून प्लास्टिकची शील्ड. तिनं तो लाकडी भोंगा, बाळाचे ठोके ऐकायचा, पोटावर टेकवला आणि कान लावायला वाकली, तर शील्ड आडवी यायला लागली. मान वाकडी केली, उजवा कान लावून पाहिला, डावा लावून पाहिला. शील्ड टेबलाला खट् खट् आपटत होती. शेवटी तिनं ती काढून माझ्या हातात दिली, आणि कान भोंग्याला चिकटवून डोळे मिटले. खोलीत पंख्याचा आवाज होता, तो बंद करायची खूण तिनं केली. आम्ही चौघी घामानं निथळत उभ्या. मिनिटभरानं ती म्हणाली, “एकशे चव्वेचाळीस.” मग मला: “बाई, द्या ती काच इकडे.”

त्या एका मिनिटात तिनं काय जोखीम घेतली, ते तेव्हाच्या भीतीत ज्यांनी दिवस काढले त्यांना सांगायला नको. पेपरात अशा मिनिटांची बातमी येत नाही.

रक्तात हिमोग्लोबिन ८.२. सातच्या खाली गेलं तर रक्त चढवावं लागू शकतं, म्हणजे अजून हातात होतं. लोहाच्या लाल गोळ्या, दिवसाला दोन, चहाबरोबर नाही. धनुर्वाताचं इंजेक्शन. बाळ आडवं-उलटं वाटतंय, डोकं वर लागतंय, पण अजून वेळ आहे, फिरेल. आणि प्राथमिक केंद्रातून रक्तगटाचा निकाल आला तो बी निगेटिव्ह.

याचा अर्थ मला तेव्हा कळला नाही. सिस्टरनं सांगितला. आई निगेटिव्ह आणि बाळ पॉझिटिव्ह निघालं, तर बाळंतपणानंतर बहात्तर तासांच्या आत आईला अँटी-डी नावाचं इंजेक्शन द्यावं लागतं. नाही दिलं तर या बाळाला सहसा काही होत नाही, पण आईच्या रक्तात पुढच्या बाळाविरुद्ध तयारी होऊन बसते, आणि ते पुढचं बाळ पोटातच पांढरं पडू शकतं. म्हणजे २०२० मधली चूक २०२२ मध्ये वसूल होणार, आणि तेव्हा कुणालाच टाळेबंदी आठवणार नाही. सिस्टरनं नवं माता-बाल संरक्षण कार्ड काढलं. पत्त्याच्या जागी आमच्या शाळेचं नाव घातलं. रक्तगटाभोवती लाल पेनानं गोल केला, गोलावर पुन्हा गोल. पेन माझंच होतं.

त्या कार्डाला सतरा नंबरनं दुधाच्या पिशवीत घातलं, पिशवी धुऊन वाळवून. रात्री ती उशाखाली ठेवायची.

सोनोग्राफी करून घ्यावी असं सिस्टरचं म्हणणं होतं. जवळच्या शहरातल्या एका खासगी केंद्राला मी फोन लावला. कुठून आली? निवारा केंद्रातून. कोविड रिपोर्ट? नाही. मग नको. मी शिक्षिका आहे, सरकारी कामावर आहे, असं सगळं सांगून झालं. बोलणारी मुलगी उद्धट नव्हती, खरं तर घाबरलेली होती. २० एप्रिलला आयसीएमआरनं, म्हणजे देशाच्या वैद्यकीय संशोधन परिषदेनं, सांगितलं होतं, की बाधित भागातल्या आणि स्थलांतरितांच्या केंद्रातल्या ज्या बायका पाच दिवसांत बाळंत होणार असतील, त्यांना लक्षणं नसली तरी तपासा. उद्देश चांगला होता. पण सूचना खाली येताना तिचा “रिपोर्ट नसेल तर दार बंद” असा अर्थ होत गेला, इतका की १८ मे च्या नव्या सूचनांमध्ये आयसीएमआरला मुद्दाम लिहावं लागलं, की चाचणीसाठी कुठलीही तातडीची प्रक्रिया, बाळंतपणसुद्धा, थांबवू नये. जिला गाव आहे, ओळखीचा डॉक्टर आहे, तिची दुसऱ्या दारात सोय होते. माझी भाची तेव्हा पुण्यात सातव्या महिन्यात होती. तिची डॉक्टर व्हिडिओवर दिसायची, ई-पास काढून तिला माहेरी आणलं, डोहाळजेवण आम्ही मोबाइलवर केलं आणि त्यातही तिच्या आईनं डोळ्याला पदर लावला, की पोरीच्या हौशी राहिल्या. मी तो फोन चौथीच्या वर्गाबाहेर उभी राहून घेतला होता. आत सतरा नंबर शिळ्या भाकरीचा तुकडा पाण्यात बुडवून खात होती, आणि खरं सांगायचं तर त्या क्षणी मला भाचीचंच जास्त वाईट वाटत होतं. माणसाचं असं असतं.

मुंबईत दुसरं टोकही होतं. नायर रुग्णालय एप्रिलपासून कोविडसाठी राखलं गेलं आणि कोविड झालेल्या शेकडो बायकांची बाळंतपणं तिथे झाली. आया मास्क लावून पोरांना पाजत होत्या, आणि जागतिक आरोग्य संघटनेचंही तेच म्हणणं होतं, की अंगावरचं तोडू नका. म्हणजे करता येत होतं. तिथवर पोचता आलं तर.

मे उजाडला. २९ एप्रिलला केंद्रानं अडकलेल्यांना जायची मुभा दिली आणि १ मे ला श्रमिक गाड्या सुरू झाल्या. पहिल्याच दिवशीच्या गाड्यांमध्ये नाशिकहून भोपाळला जाणारी एक होती. आमच्या तालुक्यातून याद्या मागवल्या. प्रवासाआधी तपासणी आणि दाखला. डॉक्टरांनी सतरा नंबरच्या दाखल्यावर सही केली नाही. छत्तीस आठवडे झालेल्या बाईला गाडीत बसवायचं आणि वाटेत काही झालं तर सही कुणाची? त्यांचं चूक नव्हतं. तिला इथे थांबवून घ्यावं, आमच्याच ग्रामीण रुग्णालयात बाळंत करावं, मग पाठवावं, असं मीही तिला समजावत होते. सगळं फुकट होईल, मी सोबत येईन, आशाताई येईल. ती ऐकून घ्यायची. मग म्हणायची, “उसके बाद?”

त्यानंतर काय, याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. ओली बाळंतीण चौथीच्या वर्गात, फरशीवर, किती दिवस? अंग कोण चोळणार, बाळाला न्हाऊ कोण घालणार, रात्री रडलं तर घेणार कोण? योजनेत तीन दिवसांचं जेवण आहे. चौथ्या दिवसापासून बाईला आई लागते. मला दोन्ही बाळंतपणांत सव्वा महिना आई होती, हे मी तिला बोलले नाही.

त्याच दिवसांत पेपरात ती बातमी आली. नाशिकहून सतन्याला चालत निघालेली एक बाई हायवेवरच बाळंत झाली, थोडा वेळ बसली आणि बाळाला घेऊन पुन्हा चालायला लागली, दीडशेवर किलोमीटर, मध्य प्रदेशच्या बिजासन सीमेपर्यंत. मी ती बातमी उभ्यानं वाचली. सोबत चालणाऱ्या बायकांनी आडोसा केला होता. आमच्या शाळेवरूनच गेली असणार, तोच तर रस्ता. रात्री गेली असेल. आम्ही ३८ जणांची हजेरी घेऊन, फाटकाला कुलूप लावून झोपलो असू. मग मी पटकन वय आणि जिल्हा पाहिला आणि ही आपली कुणी नाही म्हणून सुटकेचा श्वास सोडला. तो श्वास मला नंतर बरेच दिवस पुरला नाही.

दुसऱ्या आठवड्यात एसटीनं सीमेपर्यंत मोफत गाड्या सोडल्या. या वेळी सतरा नंबरच्या नवऱ्यानं कुणाला विचारलं नाही, सगळ्यात आधी रांगेत उभा राहिला. पोट आता झाकण्यासारखं नव्हतं. सिस्टरनं आदल्या दिवशी तपासलं होतं. डोकं खाली आलं होतं, हिमोग्लोबिन ९.१. “मी जा म्हणणार नाही,” सिस्टर म्हणाली, “आणि अडवायला तिचे हात धरणारही नाही.”

आशाताईनं सकाळी मला बाजूला घेऊन एक पुडकं दाखवलं. नवं ब्लेड, कागदातलं. उकळून वाळवलेला दोरा. साबणाची वडी. एक स्वच्छ प्लास्टिकचा कागद. तिची स्वतःची जुनी सुती साडी, चार तुकडे केलेली. घरी-वाटेत बाळंतपण होऊ द्यायचं नाही, दवाखान्यातच न्यायचं, हे आशाला पहिल्या प्रशिक्षणापासून शिकवतात, त्याचं तिला मानधनही मिळतं. असं पुडकं देणं म्हणजे वाटेत होईल असं मान्य करणं. “कुणाला सांगू नका हं बाई,” ती म्हणाली. इतक्या वर्षांनी लिहिते आहे, तिला चालेल असं धरून.

एका बाकावर एक माणूस. सतरा नंबर खिडकीशी. मी कार्डाच्या मागच्या बाजूला माझा नंबर लिहून दिला होता. “लाल गोल दिखाना,” मी माझ्या हिंदीत सांगितलं. “जहाँ भी बच्चा होगा, पहले लाल गोल दिखाना, सुई माँगना, तीन दिन के अंदर.” तिनं दुधाची पिशवी पोलक्यात खोचली. रजिस्टरात मी सतराव्या ओळीच्या शेवटी उरलेल्या जागेत लिहिलं: रवाना. पुढे लिहायला जागा राहिली नाही.

मे संपताना, २९ तारखेला, रेल्वेनं आवाहन केलं, की गरोदर बायका, लहान मुलं, म्हातारी आणि आजारी माणसं यांनी अगदी गरज असेल तरच प्रवास करावा. तोवर श्रमिक गाड्यांमध्ये कितीतरी बाळं जन्मली होती. सप्टेंबरात लोकसभेत विचारलं गेलं, टाळेबंदीत किती स्थलांतरित मजूर दगावले. सरकारचं उत्तर होतं, अशी आकडेवारी ठेवलेली नाही. मला त्या दिवशी माझं दोनशेपानी रजिस्टर आठवलं. ते जूनमध्येच तहसीलला जमा झालं होतं. तसली रजिस्टरं हायवेच्या प्रत्येक शाळेत होती, कुणीतरी पट्टीनं रेघा मारलेली. बेरीज कुणी मागितली नाही.

पुढे काही गोष्टी झाल्याही. गरोदर बायकांना लस द्यायला २ जुलै २०२१ ला परवानगी मिळाली, लसीकरण सुरू होऊन साडेपाच महिने झाल्यावर. मधल्या दुसऱ्या लाटेनं जे नेलं ते नेलं. २०२१ च्या जूनमध्ये आशांनी राज्यभर संप केला. कोरोनाच्या कामाचे त्यांना केंद्राकडून महिन्याला हजार रुपये मिळत होते. दिवसाचे किती होतात ते कुणीही करून पाहावं.

सतरा नंबरकडून फोन आला तो २०२० च्याच २१ मे ला. अनोळखी नंबर, मिस्ड कॉल. मी उलटा लावला. नवरा होता, मागे कोंबड्यांचा आवाज, म्हणजे गावी पोचले होते. “मैडम, लड़की हुई है.” कुठे? सागरला. बस बदलायला उतरले तिथेच कळा सुरू झाल्या, पोलिसांनी सरकारी अस्पतालात सोडलं. आई-मुलगी ठीक. कार्ड दाखवलं? दाखवलं. नर्सनं विचारलं, हे कुठलं आहे, त्यानं सांगितलं महाराष्ट्र का. मराठी असली तरी अक्षरं तीच, तिनं वाचलं असेल. लाल गोल? हां, वो भी देखा. आणि सुई?

“सुई तो लगी, मैडम.”

मी तशीच आशाताईच्या घरी गेले. ती अंगणात ज्वारी निवडत होती. ऐकून हसली, मग थांबली. “कुठली सुई?”

धनुर्वाताचीही सुई असते. बाळंतपणानंतर रक्त जाऊ नये म्हणूनही देतात. मी अंगणातूनच पुन्हा फोन लावला. स्विच ऑफ. संध्याकाळी लावला, दुसऱ्या दिवशी लावला, आठवडाभर लावला. तो फोन त्याचा नसावा, कुणाचा तरी मागून घेतलेला.

आशाताईच्या वहीत ही बाळंतीण कुठेच बसत नव्हती. तिच्या हजारातली नाही, तिच्या दवाखान्यात झालेली नाही, मानधनाच्या कागदावर येणारी नाही. तिनं वही शेवटच्या पानाशी उघडली, जिथे ती दूधवाल्याचा हिशेब ठेवते, आणि कानामागची पेन्सिल काढून लिहिलं: शाळेतली, पन्ना, मुलगी, सागर. मग “सुई” लिहून पुढे प्रश्नचिन्ह काढलं, आणि वही मिटून पुन्हा ज्वारी निवडायला घेतली.